लाउडाचं कर्ज

मिल्टन कीन्समध्ये राहायचं आणि मोटार रेसिंगबद्दल मत नसायचं, हे पुण्यात राहून मिसळीबद्दल मत नसण्यासारखं आहे. रेड बुलचा कारखाना गावातच आहे, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक गाडीने अर्ध्या तासावर. त्यामुळे 2025च्या जूनअखेर ब्रॅड पिटचा ‘एफ वन’ लागला, तेव्हा आम्ही सात-आठ मराठी मंडळी पहिल्याच आठवड्यात थिएटरात हजर होतो. दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्कीने कॅमेरा गाडीत असा बसवलाय की वळणावर आपली मान आपोआप कलते. मी कार्बन फायबरमध्ये भेगा कशा पसरतात यावर संशोधन करते. एखादा पंख तुटला की इतरांना ड्रायव्हरची काळजी वाटत होती, मला पंखाची. सिनेमा बघायला मजा आली, हे आधीच कबूल करते.

पण घरी येताना गाडीत वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. सनी हेज हा पन्नाशी ओलांडलेला ड्रायव्हर व्हॅनमध्ये राहतो, मिळेल तिथे शर्यती मारतो. त्याचा जुना सहकारी रूबेन आता एका एफ-वन संघाचा मालक आहे. संघावर 35 कोटी डॉलरचं कर्ज आहे, मोसमाच्या उरलेल्या 9 शर्यतींपैकी एक तरी जिंकली नाही तर संघ हातातून जाणार आहे. अशा वेळी रूबेन काय करतो? सनीला शोधून काढतो आणि रिकामी सीट देतो. फुकट!

आता तुम्हीच सांगा, कर्जात बुडालेला कोणता मालक असं करेल? एफ-वनच्या इतिहासात अडचणीतल्या संघांनी जे केलं ते अगदी उलट आहे. रिकामी सीट ही बुडत्या संघाकडची सगळ्यात विकाऊ वस्तू असते. पैसे घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला इकडे ‘पे ड्रायव्हर’ म्हणतात, आणि हा शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही. रूबेनच्या दारात अशा पोरांची आणि त्यांच्या वडिलांची रांग लागायला हवी होती. पटकथेत ती रांगच नाही. उलट ‘पैशासाठी नाही’ हे सनीचं पालुपद आहे. पडद्यावर त्याच्या गाडीवर मात्र खऱ्याखुऱ्या कंपन्यांची नावं झळकत असतात. त्याचा तरुण सहकारी जोशुआ पिअर्स याची आई दिसते, मॅनेजर दिसतो, पण लहानपणापासूनच्या कार्टिंगची बिलं कोणी भरली यावर सिनेमा थांबत नाही.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, “अगं, सिनेमा आहे, हिशेबाची वही नव्हे.” मान्य. पण हिशेबाची वही दाखवूनही चांगला सिनेमा होतो, हे रॉन हॉवर्डच्या 2013च्या ‘रश’ने सिद्ध केलंय. जेम्स हंट आणि निकी लाउडा यांच्या 1976च्या झुंजीची ही गोष्ट. त्यात हंटचा आश्रयदाता लॉर्ड हेस्केथ पैसे संपल्यावर संघ गुंडाळतो आणि हंट घरी बसतो. तो जगज्जेता होतो तो पुढच्याच वर्षी, तेही फिटिपाल्डीने मॅक्लारेन सोडल्यामुळे ऐनवेळी सीट रिकामी झाली म्हणून. आणि लाउडा? तो बँकेचं कर्ज काढून सीट विकत घेतो. तीन वेळा जगज्जेता झालेला, गाडीचा स्वभाव कंबरेखालून ओळखणारा लाउडा पे ड्रायव्हर होता, हे ‘रश’ लपवत नाही.

तरी ‘रश’नेही एक पान गाळलंय, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमातला लाउडा कर्ज काढतो, बीआरएम संघात शिरतो, गाडी सुधारून दाखवतो. खरा लाउडा इतका सरळ गेला नाही. व्हिएन्नाच्या श्रीमंत उद्योजक घराण्यातला हा मुलगा. एक बँक त्याला पुरस्कृत करायला तयार होती, ते आजोबांनी आपलं वजन वापरून थांबवलं. मग त्याने दुसरीकडून कर्ज काढलं, तारण म्हणून स्वतःची आयुर्विम्याची पॉलिसी ठेवली आणि मार्च नावाच्या संघात जागा घेतली. 1972ची मार्चची गाडी अगदीच टाकाऊ निघाली. मोसम संपला तेव्हा लाउडाकडे शून्य गुण होते, डोक्यावर कर्ज होतं आणि सीट गेली होती. बीआरएमची सीट घेतली ती या परिस्थितीत, पुन्हा उधारीवर. 1973मध्ये त्याला मिळाले 2 गुण.

म्हणजे दोन पूर्ण मोसम आणि एकूण 2 गुण. 1972च्या डिसेंबरात तुम्ही-आम्ही त्याच्याबद्दल काय म्हटलं असतं? बड्या घरचं पोर, पैसे टाकून आलंय, वकूब नाही. आणि उपलब्ध पुराव्यावर आपलं म्हणणं बरोबरच ठरलं असतं! बीआरएममधला सहकारी क्ले रेगाझोनी याने फेरारीकडे त्याची शिफारस केली, 1974मध्ये तो फेरारीत गेला, 1975मध्ये जगज्जेता झाला. तेव्हापासून त्याचं कर्ज हे धाडस म्हणून सांगितलं जातं. तिसऱ्या वर्षाची सोय झाली नसती तर तेच कर्ज खुळेपणा ठरलं असतं.

‘पैसा की गुणवत्ता’ हा वाद म्हणूनच मला चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. पैसा शर्यत जिंकून देत नाही. पैसा परीक्षेला बसू देतो, आणि नापास झाल्यावर पुन्हा बसू देतो. पास्तोर माल्दोनादोला व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीने विल्यम्समध्ये आणलं, त्याच्या धडकांवर जगभर विनोद झाले. पण 2012मध्ये बार्सिलोनाला पहिल्या क्रमांकावरून सुटून अलोन्सोला मागे ठेवत त्याने शर्यत जिंकली, ती काही तेलाच्या पैशाने जिंकली नाही. खुद्द मायकेल शूमाखरचं 1991मधलं पदार्पण घ्या. जॉर्डनचा नेहमीचा ड्रायव्हर लंडनमध्ये टॅक्सीवाल्याच्या तोंडावर गॅस फवारल्याबद्दल तुरुंगात गेला, सीट रिकामी झाली आणि मर्सिडीजने शूमाखरसाठी जॉर्डनला पैसे मोजले. पुढे सात जगज्जेतेपदं मिळवणाऱ्याला कोण पे ड्रायव्हर म्हणणार?

उलट बाजूही बघा. 2021मध्ये हास संघात दोन नवखे होते, निकिता माझेपिन आणि मिक शूमाखर. एकाच्या मागे वडिलांशी जोडलेली खत कंपनी, दुसऱ्याच्या मागे वडिलांचं नाव. गाडी इतकी मागासलेली की दोघांनाही वर्षभरात शून्य गुण. थट्टा मात्र प्रामुख्याने माझेपिनची झाली. त्याने ती बरीचशी स्वतःच्या वागण्याने ओढवून घेतली हे खरं, पण आडनाव हेही भांडवलच असतं, हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. आपल्याकडे नाट्यसृष्टीपासून साखर कारखान्यांपर्यंत उदाहरणं हवी तेवढी मिळतील.

लुइस हॅमिल्टनचं नाव अशा वादात हमखास येतं. इथून जवळच्या स्टीव्हनेजचा मुलगा, वडिलांनी एका वेळी अनेक कामं करून कार्टिंगचा खर्च ओढला, 1998मध्ये मॅक्लारेनने तेराव्या वर्षी त्याला आपल्याकडे घेतलं. गुणवत्ता वर येतेच, याचा पुरावा म्हणून ही गोष्ट सांगतात. मला ती नेमकी उलट वाटते. इतकी असामान्य गुणवत्ता असूनही बिलं भरणारं कोणीतरी लागलंच. भारताचा नारायण कार्तिकेयन 2005मध्ये जॉर्डनच्या गाडीत बसला तेव्हा पाठीशी टाटा होते. त्याच वर्षी इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीमुळे सहाच गाड्या धावल्या आणि तो चौथा आला. भारतीय ड्रायव्हरला एफ-वनमध्ये मिळालेले गुण आजही तेवढेच आहेत.

आता पात्रतेसाठी सुपर लायसन्स लागतं, त्यासाठी तीन वर्षांत 40 गुण जमवावे लागतात. नियम चांगलाच आहे. पण ते गुण मिळतात खालच्या शर्यतींत, आणि तिथल्या बहुतेक सीटा विकतच घ्याव्या लागतात. टीका फक्त शेवटच्या पायरीवर पैसे मोजणाऱ्यावर होते.

हे सगळं मला इतकं का लागतं, ते सांगते. गेल्या वर्षी एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी माझं काम वाचून कौतुक केलं आणि पुढच्या ओळीत लिहिलं की स्वतःची फेलोशिप घेऊन आलात तर टेबल तुमचंच. मीही पे ड्रायव्हरच की! तुमच्यापैकी अनेकांनी अशा ईमेल वाचल्या असतील. आणि त्याआधीचं कर्ज तर आपल्यातल्या कितीतरी जणांचं सारखंच. माझ्या एमएस्सीसाठी बाबांनी सिंहगड रोडचा फ्लॅट तारण ठेवला. पहिल्या सत्रात मी दोन विषयांत आपटले, तरी मला दुसरं सत्र मिळालं. वर्गात माझ्यापेक्षा गणितात कितीतरी पुढे असलेली एक मैत्रीण जळगावची होती. तिच्या वडिलांकडे तारण ठेवायला काही नव्हतं, तिने अर्जच केला नाही. ती माझ्याशी हरली, असं म्हणता येणार नाही. ती ट्रॅकवर आलीच नव्हती.

‘एफ वन’मध्ये तिच्यासारखं कोणी नाही, आणि ‘रश’मध्येही नाही. तिथे फक्त सुटलेल्या गाड्या दिसतात. दोन्हींतला एकच बघायचा असेल तर ‘रश’ बघा. ‘एफ वन’ मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात बघितला तरच. ‘रश’मध्ये कर्ज काढण्याचा भाग जेमतेम काही क्षणांचा आहे. गेल्या शनिवारी तो मी मागे घेऊन पुन्हा पाहिला. बाबांना बँकेत तीन खेपा पडल्या होत्या, आणि तिसऱ्या खेपेला जामीनदार म्हणून काकांना सोबत न्यावं लागलं होतं.