काळाचा चेहरा

सामान्य माणसाचे चित्र काढणे सोपे, असा एक समज आहे. राजाची मर्जी राखावी लागते, नटीचे रूप सांभाळावे लागते. गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याचे काय सांभाळायचे? हा समज किती पोकळ आहे हे पाहायचे असेल, तर ऑगस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराचे ‘काळाचा चेहरा’ हे पुस्तक नुसते चाळू नये, वाचावे. १९२९ साली ते निघाले. आत अवघी ६० छायाचित्रे आणि कादंबरीकार आल्फ्रेड डोब्लिनची प्रस्तावना.

झांडर खाणींच्या मुलखातला. बाप खाणीत सुतारकाम करी. मुलगाही कोवळ्या वयात खाणीत राबला. म्हणूनच की काय, कष्टकऱ्याकडे तो कीव करून पाहत नाही. खांद्यावर विटांची चळत पेललेला त्याचा बिगारी आपल्याकडे सरळ पाहतो. कोलोनचा तो गलेलठ्ठ हलवाई हातात भांडे घेऊन असा उभा आहे, की एखाद्या सेनापतीलाही ती ऐट साधू नये. आणि काळे कोट घालून, काठ्या टेकीत नाचाला निघालेले ते तीन तरुण शेतकरी! चित्र १९१४ चे. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, हे त्यांना ठाऊक नाही, आपल्याला आहे.

बहुतेक चित्रांखाली नाव नाही. फक्त धंदा, गाव. मला प्रथम हे खटकले. नाव काढून घेतले की माणसाचा नमुना होतो. प्रस्तावनेत डोब्लिनही शरीरशास्त्रातल्या तुलनेचाच दाखला देतो. पण चित्रापुढे थोडे थांबले, की हा आक्षेप निम्मा गळून पडतो. खाली लिहिलेले असते ‘हलवाई’, आणि वर दिसतो तो जगातल्या दुसऱ्या कुणाही हलवायासारखा नसतो. मांडणीवर घेऊन चेहऱ्यांनी केलेली ही कुरघोडी मला या पुस्तकाचे खरे यश वाटते. उरलेला निम्मा आक्षेप मात्र मी सोडणार नाही. शेतकऱ्यापासून सुरुवात करून बेकारापाशी थांबणारा हा क्रम फार नेटका आहे. आयुष्ये इतकी नेटकी नसतात. स्त्रियाही येथे बहुधा कुणाची पत्नी किंवा माता म्हणूनच येतात.

पण या साध्या चेहऱ्यांना सत्ता भ्याली. एकच आदर्श वंश, एकच आदर्श मुद्रा मानणाऱ्या नाझींनी १९३६ साली पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या, छपाईचे ठसे नष्ट केले. झांडरचा मुलगा एरिश त्यांचा राजकीय विरोधक. १० वर्षांची शिक्षा भोगताना १९४४ साली तो मेला. युद्धातून वाचलेल्या हजारो काचा १९४६ साली कोलोनच्या तळघरातल्या आगीत गेल्या. म्हातारा तरीही उरलेल्या काचा सांभाळत राहिला आणि १९६४ साली वारला. ‘विसाव्या शतकातील माणसे’ हा त्याचा मोठा संकल्प ग्रंथरूपाने आला तो त्याच्यामागे, १९८० साली.

आज पहिल्या आवृत्तीची प्रत संग्राहकांच्या कपाटात मानाने बसते. ज्याच्या खिशात दमडी नव्हती त्या बेकाराचे चित्र श्रीमंताच्या कुलपात! पण पुढे पुनर्मुद्रणे निघाली, आणि मला त्यांचीच किंमत अधिक वाटते.

दिवाळीत आपल्याही घरी छायाचित्रे निघतील: नवी वस्त्रे, ठेवणीतले हसू. तीही हवीतच. पण फराळाच्या कढईपुढे घामेजून उभी असलेली आई, पणत्यांची पाटी घेऊन दारी आलेली कुंभारीण, यांचे एखादे चित्र त्यांना विचारून, त्यांना हवे तसे उभे राहू देऊन काढून पाहावे. झांडरने काय साधले ते माझ्या चार परिच्छेदांपेक्षा त्यातून अधिक कळेल.