भिंतीवरील नर्तकी आणि फिरता रंगमंच

अजिंठ्याच्या चित्रांवरून स्फुरलेल्या नृत्यरचनांची समीक्षा करताना 'मूळ चित्राशी त्या कितपत प्रामाणिक आहेत' हा प्रश्न सहसा प्रथम विचारला जातो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : रंगमंचावर आलेला अजिंठा हा थेट लेण्यातून आला. प्रत्यक्षात मध्ये बरेच कागद आहेत. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना हाताशी धरून १८७२ पासून १८८५ पर्यंत ज्या प्रतिकृती करून घेतल्या, त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. उरले ते १८९६ मध्ये निघालेले छापील ग्रंथ. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांच्या प्रती १९१५ साली इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केल्या. ॲना पाव्लोवाच्या फिरत्या बॅले कंपनीने सप्टेंबर १९२३ मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर 'अजंठाज फ्रेस्कोज' आणले (नृत्यरचना इव्हान क्लुस्टिन, संगीत अलेक्झांडर चेरेप्निन), तेव्हा युरोपीय प्रेक्षकाला ओळखीचा असलेला अजिंठा मुख्यतः या पानांवरचा होता. शीर्षकातच चूक आहे. फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर रंगवतात. अजिंठ्याचे रंग कोरड्या गिलाव्यावर चढवलेले आहेत. अर्थात या चुकीबद्दल पाव्लोवाला दोष देता येत नाही, कारण ती तेव्हाच्या कलेतिहासाचीच परिभाषा होती.

प्रतिकृती चित्राला चौकट देते. भिंतीला चौकट नसते. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या पटात जी नर्तकी आहे, तिच्याभोवती बासरी, झांजा आणि चर्मवाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. जवळच राजा आहे, राणी सीवली आहे, आणि तो राजा राज्य सोडून जाणार आहे. नृत्य हे तेथे त्याला अडवू पाहणाऱ्या संसाराचे चिन्ह आहे. नर्तकीला स्वतःचा वेगळा अर्थ नाही, आणि ती आपल्याकडे तोंड करूनही नाचत नाही. विद्या देहेजिया यांनी सतराव्या लेण्यातील कथनाचे वर्णन 'जाळे' असे केले आहे, ते येथे उपयोगी पडते. प्रसंग कालक्रमाने न मांडता स्थळांनुसार गुंफलेले असतात आणि पाहणाऱ्याला अंधारात चालत त्यांचा माग काढावा लागतो. छापील पानाने या जाळ्यातून एकटी नर्तकी सोडवून घेतली. फिरत्या कंपनीला नेमकी तिचीच गरज होती. दहा शहरांत, दहा भाषांच्या प्रेक्षकांसमोर, काही मिनिटांत समजेल असे काहीतरी हवे होते. 'अजिंठा शैली' म्हणून जी त्रिभंगी, अर्धोन्मीलित देहाकृती रूढ झाली, तिचे मूळ या दौऱ्याच्या अर्थकारणात शोधावे लागते.

उदय शंकर यांचे उदाहरण म्हणून अधिक गुंतागुंतीचे आहे. ते आधी जे. जे.मध्ये आणि नंतर लंडनला विल्यम रोथेनस्टाइन यांच्या हाताखाली चित्रकला शिकलेले. १९२३ मध्ये ते पाव्लोवासाठी 'राधा-कृष्ण' रचतात, तेव्हा त्यांच्याजवळ नृत्याच्या एखाद्या संप्रदायाचे शिक्षण नाही, चित्रकाराची नजर आहे. स्विस शिल्पकार ॲलिस बोनर यांच्यासह त्यांनी उभारलेल्या कंपनीचा पहिला प्रयोग ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये झाला. 'हिंदू नृत्य' म्हणून जाहीर झालेल्या या कंपनीतील प्रमुख स्त्री-नर्तिका सिम्की ही फ्रेंच होती, हे सांगून काही टीकाकार विषय संपवतात. तो तेथे संपत नाही. तिमिर बरन आणि विष्णुदास शिराळी यांच्या वाद्यवृंदाला उदय शंकर यांनी रंगमंचासमोरच्या खड्ड्यात न बसवता नर्तकांच्या मागे, प्रेक्षकांना दिसेल असे बसवले. नर्तकीभोवती वादक असण्याची ही रचना पहिल्या लेण्याशी मिळतीजुळती आहे. प्रतिकृतींनी गमावलेले भिंतीचे काही तिच्यात परत आले. कथन मात्र परत आले नाही.

ते कसे येऊ शकते, याचा एक पुरावा आफ्रिकेत सापडतो. गिनीतील कवी केइता फोदेबा याने पॅरिसमध्ये जुळवलेल्या आणि १९५२ पासून गाजलेल्या 'ले बॅले आफ्रिकें' या कंपनीलाही अस्सलतेचा तोच प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर प्रतिप्रश्नाच्या रूपात होते : अस्सल, ते कशाच्या तुलनेत? परक्याच्या मनातील आदिम आफ्रिकेच्या? त्याने आपली 'ओब आफ्रिकेन' ही कविता नृत्य आणि गिटार यांच्यासह रंगमंचासाठी योजली. नामान हा तरुण वसाहतीच्या युद्धावर जातो आणि परतताना थियारोय येथे, म्हणजे १९४४ मध्ये फ्रेंचांनी आपल्याच आफ्रिकी सैनिकांवर गोळ्या झाडल्या त्या ठिकाणी, मारला जातो. फ्रान्झ फॅनन याने १९६१ च्या आपल्या ग्रंथात राष्ट्रीय संस्कृतीची चर्चा करताना या कवितेला मोठी जागा दिली, ती तिच्या लोकसंगीतासाठी नव्हे. सांस्कृतिक वारसा आणि चालू इतिहास तिथे एकाच संहितेत येतात म्हणून. १९५८ च्या स्वातंत्र्यानंतर कंपनी राष्ट्रीय झाली, फोदेबा मंत्री झाला, आणि १९६९ मध्ये सेकू तुरेच्या राजवटीनेच त्याला बोइरो छावणीत ठार केले. कंपनी पुढेही दौरे करत राहिली. राष्ट्राचे प्रतिनिधित्व करणारे नृत्य आपल्या कर्त्याबद्दल किती सहज मौन पाळू शकते, हे फॅननच्या वाचनात अजून येणे शक्य नव्हते.

आपल्याकडे हे वळण अल्मोड्याहून मुंबईला आले. उदय शंकर यांच्या केंद्रात शिकवणारे शांती बर्धन यांनी १९४४ मध्ये अंधेरी येथे 'इप्टा'चे मध्यवर्ती नृत्यपथक घडवले. त्याच वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक तमाशाचा घाट घेऊन कामगार वस्त्यांत हिंडू लागले. त्याला अस्सलतेचे प्रमाणपत्र कोणी मागितले नाही, कारण त्याचा प्रेक्षक परका नव्हता. बर्धन यांना दोन्ही प्रेक्षक हवे होते. १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रुपची स्थापना झाल्यावर त्यांनी जे 'रामायण' रचले, त्यातील नर्तकांच्या हालचालींचा नमुना अजिंठ्याची वळणदार देहाकृती नसून कठपुतळी आहे : कोनबद्ध, झटकेदार, दोरीचा भास देणारी. सुंदर मुद्रेत थबकण्याची सोयच या पद्धतीत ठेवलेली नाही. बाहुली थांबली की गोष्टही थांबते.