‘नमुने घेण्यात आले’ : एका वाक्याची झाडाझडती

समुद्रतळावरच्या जीवांवरचा कुठलाही पेपर उघडा. पद्धतीच्या भागात हे वाक्य भेटणारच: अमुक स्थानकांवर व्हॅन व्हीन ग्रॅबने नमुने घेण्यात आले, ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून धुण्यात आले, फॉर्मालिनमध्ये ठेवण्यात आले. घेण्यात आले म्हणजे कोणी घेतले? किती वाजता? कितव्या प्रयत्नात? पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला हे प्रश्न पडले नाहीत. आता वाटतं, आपल्या विषयातलं सगळ्यात कच्चं लेखन हेच आहे, आणि आपण ते एकमेकांचं बघून उतरवत राहतो.

ग्रॅब म्हणजे लोखंडी जबडा. तो उघडा ठेवून तारेने खाली सोडतात. तळाला टेकला की तार सैल पडते, आकडा सुटतो आणि वर ओढताना जबडा मिटतो. साधारण ०.१ चौरस मीटर जागेतला गाळ हाती लागतो. हे झालं पुस्तकातलं. जहाज हेलकावलं तर तार मधेच सैल पडते, जबडा पाण्यातच मिटतो आणि रिकामा वर येतो. शिंपला किंवा दगड अडकला तर फटीतून गाळ धुऊन जातो. त्यातही आधी जातो तो वरचा पातळ थर, आणि बहुतेक जीव राहतात त्याच थरात! जहाजाचा एकेक दिवस महाग, म्हणून काम चोवीस तास पाळ्यांनी चालतं. तुमचं स्थानक पहाटे ३ ला आलं तर पहाटे ३ ला डेकवर उभं राहायचं, डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट, पोटात उलटीची गोळी. नमुना नीट येणं विंच चालवणाऱ्या दादांच्या हातावर असतं. त्यांचं नाव बऱ्याचदा आभारातही नसतं.

मी बार्शीटाकळीची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एमएस्सीला असताना. माझ्या प्रबंधातले काही नमुने माझ्या आधीच्या फेरीतले, दुसऱ्यांनी काढलेले. त्यातल्या एका स्थानकावर जीव फारच कमी निघाले. मी अख्खा परिच्छेद लिहून टाकला: तळाशी ऑक्सिजन कमी असावा, म्हणून जीव कमी. नंतर कधीतरी जहाजावरची नोंदवही चाळली. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने दोनच शब्द, ‘जबडा अर्धवट’. परिच्छेद गेला. फोनवर बाबांना सांगितलं तर ते हसले. कॉलेजात असताना मातीपरीक्षणासाठी मी बांधालगतची माती भरून आणली होती, ती त्यांना आठवली. ‘धुऱ्याजवळची माती कायले घेतली वं, वावर मधात हाये ना!’ हे तेव्हाही ऐकलं होतं.

जुन्या लोकांनी निदान हे लपवलं नाही. ‘चॅलेंजर’ जहाजाची मोहीम १८७२ ते १८७६ चालली, तिचा अधिकृत अहवाल ५० खंडांचा. पण मला जास्त शिकवलं ते दुसऱ्या दोन पुस्तकांनी. मोहिमेतला निसर्गशास्त्रज्ञ हेन्री मोझली १८७९ च्या आपल्या पुस्तकात सांगतो, की सुरुवातीला जाळं वर आलं की सगळे बघायला जमायचे. नवलाई ओसरली तशी गर्दी आटली, आणि जेवणाची वेळ असली तर शास्त्रज्ञांपैकीही एखादा गैरहजर असायचा. मोझली हे गमतीने सांगतो. आपण तेच पद्धतीतली नोंद म्हणून वाचावं: त्याच जाळ्याकडे पाहणारे डोळे कमी होत गेले. त्याचा नमुन्यांवर काय परिणाम झाला, हे तो विचारत नाही, आणि तिथे मला तो कमी पडतो. दुसरं पुस्तक कोठारातला मदतनीस जोसेफ मॅटकिन याच्या पत्रांचं, ते १९९२ मध्ये छापून आलं. विज्ञान शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण दोनशेहून जास्त माणसांच्या श्रमावर ती शास्त्रज्ञांची छोटी तुकडी उभी होती, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘गवेषणी’ होतं, १९७६ पासूनचं. २६ जानेवारी १९८१ ला त्यावर बहुधातू गोळ्यांचा पहिला नमुना वर आला. ही तारीख ठिकठिकाणी मिळते. त्या दिवशी डेकवर काय चाललं होतं, याचं मॅटकिनसारखं वर्णन मला अजून वाचायला मिळालेलं नाही. मराठीत असं कोणी लिहिलं तर मी रांगेत पहिली.

हा नुसता आठवणींचा हट्ट नाही. ग्रॅब गाळात चालतो, खडकावर नाही. विजयदुर्गापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं प्रवाळांचं पठार. तिथे ग्रॅब टाकला तर तो मिटणार नाही, वर प्रवाळ मोडेल. तिथे पाणबुडे आणि कॅमेरेच हवेत. म्हणजे फक्त ग्रॅबवर काढलेल्या अधिवासांच्या नकाशात कठीण तळ आपोआप गळतो. पावसाळ्यात उधाणामुळे फेऱ्या कमी होतात, तेवढे महिनेही विरळ पडतात. ‘नमुने घेण्यात आले’ या वाक्यात यातलं काहीच दिसत नाही.

तेव्हा दुसऱ्यांचे नमुने हाती आले तर बाटल्यांबरोबर नोंदवहीही मागून घ्या. मी प्रबंधाच्या तक्त्यात दोन रकाने वाढवलेत: प्रयत्न कितवा, जबडा पूर्ण मिटला का. ते स्थानक विश्लेषणातून काढलं, तक्त्यात मात्र शेऱ्यासकट ठेवलंय. तक्ता आता दोन पानांवर जातो, मार्गदर्शकांनी अजून पाहिलेला नाही.