चोवीस तास आणि अकरा सेंटीमीटर

पिंगळीत बसून फ्रान्समधल्या शर्यतीच्या गाड्यांवर काय बोलायचं, असं कुणी म्हणेल. पण छोट्या प्रतिकृती आपल्याला नव्या नाहीत. पोळ्याला मातीचे बैल पुजतोच की आपण!

आमच्या एका विद्यार्थ्याने परवा त्याच्या संग्रहातली पोर्शे 956 आमच्या हातावर ठेवली. धातूची, प्रमाण 1:43, लांबी सुमारे 11 सेंटीमीटर. 1982 साली ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. कारागिरीला आम्ही दाद देतो. पण दोन तक्रारी आहेत.

मूळ गाडीवर रॉथमन्स सिगारेटचं नाव होतं. इथे ती जागा कोरी. तंबाखूच्या जाहिरातीवर निर्बंध हवेतच, पण शर्यतीचा पैसा कुठून आला, तेही त्यासोबत पुसलं गेलं.

दुसरी तक्रार मोठी. गाडी चकचकीत आहे. चोवीस तास धावलेली गाडी अशी दिसते? तेल, काजळी, काचेवरचे किडे कुठे गेले? काही कंपन्या मळलेली आवृत्तीही काढतात. आम्हाला तीच खरी वाटते. टिकणं आकारात नसतं, ते काळात घडतं. 2012 साली ही शर्यत धावणारा पहिला भारतीय करुण चंढोक सहावा आला, तोही दोन जोडीदारांसह आळीपाळीने गाडी चालवून.

आणि आपण? खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावतो, कारण त्या खांद्याने काय सोसलं ते आपल्याला ठाऊक असतं. मातीच्या बैलाचा खांदा मात्र गुळगुळीत! येत्या पोळ्याला मुलांना सांगा, जूचा वळही काढा.