‘स्वामी’तील गृहकलह आणि तरुण वाचक

राजदरबारातील कारस्थान हा ऐतिहासिक कादंबरीचा जुना विषय होय. सोळा ते अठरा वर्षांच्या वाचकास तो विशेष ओढ लावतो. आणि इतिहासाविषयीच्या समजुती याच वयात दृढ होत असल्यामुळे, कारस्थानाचे चित्रण कसे केले जाते हा प्रश्न केवळ रंजनाचा उरत नाही. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी खास या वयासाठी लिहिलेली नव्हे. परंतु तिचा नायक माधवराव १७६१ साली पेशवेपदावर आला तो सोळाव्या वर्षी. म्हणूनच प्रस्तुत विचारास ती योग्य ठरते.

कारस्थान दोन प्रकारांनी रंगविता येते. एका प्रकारात ते कोडे असते; खलपुरुष सापडला की कोडे सुटते आणि वाचकाची जबाबदारी संपते. दुसऱ्या प्रकारात ते नायकापुढील नैतिक पेच बनते. ‘स्वामी’चे सामर्थ्य या दुसऱ्या प्रकारात आहे. १७६२ साली आळेगाव येथे माधवराव रघुनाथरावांच्या स्वाधीन होतो. १७६८ साली धोडपच्या लढाईनंतर त्याच चुलत्यास त्याला नजरकैदेत ठेवावे लागते. ज्याच्या पायांवर मस्तक ठेवावयाचे त्याच्यावरच पहारा बसवावयाचा, हा तो पेच होय. वडीलधाऱ्यांचा मान आणि स्वतःचा निर्णय यांमधील ताण ज्या वयात प्रथम जाणवतो, त्या वयाच्या वाचकास हे चित्र आपलेसे वाटावे यात नवल नाही.

तथापि या सामर्थ्यातच कादंबरीची मर्यादाही दडलेली आहे. गृहकलहास कुटुंबाची शोकांतिका मानले म्हणजे त्यामागील राज्यव्यवहार मागे पडतो. रघुनाथरावांना फौज उभी करावयाची तर मित्र हवे होते, आणि नागपूरकर जानोजी भोसल्यांनी त्यांची बाजू घेतली ती काही स्नेहापोटी नव्हे. पुणे आणि हैदराबाद यांच्यामध्ये आपले राज्य टिकविण्याचा तो एक डाव होता. त्याचे फळ म्हणजे माधवरावांची भोसल्यांवरील स्वारी आणि १७६९ चा कनकापूरचा तह. पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज न वाढविण्याचे बंधन जानोजींना त्यात स्वीकारावे लागले. कादंबरीत ही मोहीम दिसते ती माधवरावांच्या नजरेने. निजाम आणि भोसले यांच्या दुअमलीत सारा भरणारी वऱ्हाडची रयत तीत पात्र म्हणून येत नाही.

कादंबरी म्हणजे इतिहासग्रंथ नव्हे, आणि एका व्यक्तीवर दृष्टी स्थिर केल्यामुळेच ‘स्वामी’ला भावनेची एकाग्रता लाभली, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो मान्य करावयास हरकत नाही. परंतु तरुण वाचक हे पुस्तक मिटताना “चुलता भला असता तर राज्य तरले असते” एवढाच निष्कर्ष घेऊन उठला, तर खलपुरुषाचे जुने कोडेच अधिक तरल रूपात त्याच्यापुढे आले असे म्हणावे लागेल. हा दोष सर्वस्वी लेखकाचा नाही. वाचनास दिशा देणाऱ्या अध्यापकाचाही आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थ्यास हा प्रश्न दूरचा नाही. त्याच रघुनाथरावांचा पुत्र दुसरा बाजीराव एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याच्या परिसरात कर्नल ॲडम्सच्या फौजेकडून पराभूत झाला, आणि जूनमध्ये मालकमच्या स्वाधीन झाला. शनिवारवाड्यातील भाऊबंदकीपासून या पराभवापर्यंत सरळ रेषा ओढणे अनैतिहासिक ठरेल. मधल्या अर्धशतकात सरदारांची स्वायत्तता, फौजेचा खर्च आणि इंग्रजांचे वाढते बळ अशी अनेक कारणे उभी आहेत. पण नेमकी हीच कारणे शोधावयास विद्यार्थ्यास प्रवृत्त करावयाचे आहे. ‘स्वामी’ वाचून त्याचे डोळे पाणावले तर ते उचितच होय. त्यानंतर त्याच्या हाती कनकापूरच्या तहाची कलमे द्यावीत, आणि या तहात आपला मुलूख कोठे होता, असे त्याला विचारावे.