‘स्वदेस’मधले पाणी

गेल्या जानेवारीत जव्हार-मोखाडा भागातल्या एका आश्रमशाळेत शिक्षकांचे तीन दिवसांचे विज्ञान शिबिर होते. दुसऱ्या रात्री जेवणानंतर आम्ही ‘स्वदेस’ लावला. चित्रपट जुना, आशुतोष गोवारीकरांचा, १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झालेला. बहुतेक शिक्षकांनी तो पूर्वी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला होता. चित्रपट सुरू असताना दोनदा लाईट गेली, आणि दुसऱ्यांदा ती नेमकी पडद्यावरच्या गावात वीज जाते त्याच्या आसपास गेली. मुलांना वाटले, हे चित्रपटातलेच. हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गुरुजींनी विचारले, “सर, हे आमच्या ओहोळावर होईल का?” हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. एरवी या चित्रपटाची परीक्षणे अभिनयाबद्दल, संगीताबद्दल, लांबीबद्दल बोलतात. विज्ञानाच्या शिक्षकाने हा चित्रपट कसा पाहावा, हे मात्र आमच्या वाचनात आलेले नाही.

कथा थोडक्यात सांगतो. मोहन भार्गव हा नासातला तरुण. पृथ्वीवर पडणारा पाऊस अवकाशातून मोजण्याच्या प्रकल्पावर तो काम करतो. लहानपणी सांभाळ करणाऱ्या कावेरीअम्माला शोधत तो चरणपूर या खेड्यात येतो. तिथली गरिबी, जातीचे कप्पे, गीता या शिक्षिकेची धडपडणारी शाळा, आणि येणारी-जाणारी वीज तो पाहतो. शेवटी डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी साठवून, ते नळातून खाली आणून, गावकऱ्यांच्या श्रमातून तो एक छोटे जनित्र बसवतो आणि गावात दिवे लागतात. गाव उत्तर प्रदेशातले आहे असे चित्रपट सांगतो, पण चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीत झाले. ओळखीचा घाट पाहून सातारकरांना गंमत वाटते.

आता हिशेब. एक लीटर पाणी एक मीटर खाली पडले की सुमारे ९.८ जूल ऊर्जा मिळते. म्हणून दर सेकंदाला वाहणारे लीटर, गुणिले मीटरमधली उंची, गुणिले ९.८, म्हणजे वॅट. नळातले घर्षण, चक्राची आणि जनित्राची गळती धरली, तर लहान यंत्रणेत यातले निम्मे हाती लागले तरी पुष्कळ. चरणपुरात शंभर घरे मानू आणि प्रत्येक घरात त्या काळचे ६० वॅटचे दोन बल्ब. म्हणजे १२ किलोवॅट हवेत. पाणी २० मीटर उंचीवरून येत असेल तर दर सेकंदाला सुमारे १२२ लीटर पाणी लागेल. म्हणजे सेकंदाला आठ बादल्या! एवढा झरा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

पण इथे चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. दिवे दिवसभर लागत नाहीत. संध्याकाळी चार तासच वीज द्यायची आणि उरलेले वीस तास पाणी साठवायचे ठरवले, तर झऱ्याला सेकंदाला सुमारे २० लीटर पाणी पुरते. त्यासाठी साधारण तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तळे लागेल. पडद्यावर गावकरी मिळून पाणी अडवतात, ते म्हणूनच योग्य आहे. हे दृश्य लिहिणाऱ्याने कोणा जाणकाराला विचारले असावे असे वाटते. हिंदी चित्रपटात यंत्र दाखवताना इतकी काळजी क्वचितच घेतली जाते, आणि याबद्दल आम्ही ‘स्वदेस’ला पैकीच्या पैकी गुण देऊ.

आमची तक्रार वेगळी आहे. झरा बारमाही आहे असे धरून चित्रपट पुढे जातो. मोहनचा व्यवसाय पाऊस मोजण्याचा. तो ज्या प्रकल्पावर काम करताना दाखवला आहे तो प्रकल्प खरा आहे. त्याचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधल्या तानेगाशिमा बेटावरून सोडला गेला, आणि सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून रडारने ढगांतला पाऊस मोजण्यासाठीच तो बनवला आहे. असे यंत्र घडवणारा माणूस गावात येतो, डोंगरावर चढतो, आणि इथे पाऊस किती पडतो, कोणत्या महिन्यांत पडतो, मे महिन्यात या झऱ्याला किती पाणी असते, याचा हिशेब कुठेही मांडत नाही. एका वैज्ञानिकाच्या गोष्टीत नेमकी मोजणीच गाळली आहे. त्याच्या वहीचे एक पान जरी पडद्यावर दाखवले असते तरी चालले असते.

त्या गुरुजींच्या ओहोळावर आम्ही तेच केले. नववीची दहा-बारा मुले बरोबर होती. प्रवाह सरळ आहे अशी जागा निवडली. रुंदी ४० सेंटिमीटर, सरासरी खोली ५. एक सुके पान सोडले, ते दोन मीटर जायला दहा सेकंद लागले. पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावते, म्हणून उत्तर थोडे कमी धरले. सेकंदाला तीन लीटर आले. पारदर्शक नळीत पाणी भरून तिच्या पातळीने उंची मोजली, सहा मीटर. गुणाकार केला, निम्मा केला. ८८ वॅट.

मुलांचे चेहरे पडले. मग एका मुलीने साठवणीचा प्रश्न काढला. रात्रंदिवस पाणी साठवून चार तास सोडले तर सुमारे ५३० वॅट मिळतात, आणि आजचे एलईडी बल्ब ९ वॅटचे असतात. म्हणजे ५८ बल्ब. एकोणतीस घरांच्या पाड्याला घरटी दोन! २००४ साली हाच हिशेब नऊ बल्बांच्या आतच संपला असता. गेल्या वीस वर्षांत झऱ्यापेक्षा बल्ब अधिक बदलला. हा मुद्दा मुलांनीच काढला, आम्ही नाही.

तरीही हा जानेवारीचा आकडा होता. या तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली काळा बेसाल्ट. त्यात पाणी मुरायला जागा थोडी, वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत काय राहील तेवढेच. म्हणून ऑगस्टमध्ये जो ओहोळ ओलांडता येत नाही, तो होळीच्या सुमाराला कोरडा असतो. उलट सूर्यपट्ट्यांचे पाहा. एक किलोवॅटची पट्टी वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते, पण जुलैतल्या ढगाळ दिवसांत त्याच्या निम्मीही देत नाही. पाणी आणि ऊन इथे एकमेकांच्या पाळ्या करू शकतात. शिवाय दिव्यांपुरतेच बोललो तर अर्धेच बोललो. पिठाची चक्की साडेसात हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेपाच किलोवॅटची. आमच्या ओहोळाला ती फिरवता येणार नाही.

‘स्वदेस’ला प्रेरणा कुठून मिळाली याबद्दल जे सांगितले जाते, ते महाराष्ट्रातले आहे. अमेरिकेतून परतलेले रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमरी हे दांपत्य, आणि नंदुरबार जिल्ह्यातले बिलगाव. रवी कुचिमंची हे भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट. नर्मदा खोऱ्यातल्या या आदिवासी गावात उदई नदीच्या धबधब्यावर २००३ साली १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. त्यामागे केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते, नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकऱ्यांचे श्रमदान होते. त्याआधी याच लोकांनी डोमखेडीला अगदी छोटा, काहीशे वॅटचा प्रयोग केला होता.

बिलगावची वीज तीनेक वर्षे चालली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचा फुगवटा वीजघरात शिरला. त्या वर्षी धरणाची उंची ११० मीटरवरून जवळजवळ १२२ मीटर करण्याची परवानगी मिळालेली होती. सरदार सरोवराची विद्युत क्षमता १४५० मेगावॅट आहे आणि तिच्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. म्हणजे १५ किलोवॅटचे गावाचे घर त्याच्या सुमारे लाखपट मोठ्या वीजघराच्या पाण्याखाली गेले. त्याच नदीखोऱ्यातले पाणी, आणि दोन्हींकडचे भौतिकशास्त्रही एकच.

चित्रपटात हा धागा नाही. चरणपूरला अडथळा येतो तो गावाच्या स्वतःच्या आळसाचा, जातीचा, नशिबावर हवाला ठेवण्याचा. बाहेरून काहीच चाल करून येत नाही. चित्रपट कोणावर काढायचा हे दिग्दर्शकाने ठरवायचे, हे मान्य. पण आदिवासी भागातल्या वर्गात तो दाखवला की मुलांच्या मनावर एकच गोष्ट ठसते, की अंधार आहे तो आपल्यामुळे. मोखाड्यातल्या मुलांना याच्या उलटा पुरावा घराजवळच दिसतो. वैतरणेवर अप्पर वैतरणा आणि मोडकसागर आहेत, आणि मध्य वैतरणा तर मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळच. यांचे पाणी मुंबईला जाते. अप्पर वैतरणेच्या पाण्यावर ६० मेगावॅटचे वीजघरही आहे. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. यात कोणाचा आळस?

दुसरा आक्षेप पैशाचा. मोहन सामान स्वतःच्या पैशाने आणतो. ते झाले. पुढच्या वर्षी बेअरिंग झिजले, पट्टा तुटला, की कोण आणणार? मोहन अमेरिकेला जातो, मग परततो. मधल्या काळात वीजघर कोण चालवत होते, महिन्याला किती आणे-रुपये गोळा होत होते, चित्रपटाला याचे कुतूहल नाही. गीता शिक्षिका असूनही तिच्या वर्गात हे जनित्र शिरताना आम्हाला कुठे दिसले नाही. मुले श्रम करतात, टाळ्या वाजवतात, पण जनित्र उघडून पाहत नाहीत.

खऱ्या गावांना हे टाळता येत नाही. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली पुण्याच्या ग्राम ऊर्जाने ९.४ किलोवॅटचा सौर प्रकल्प ३९ घरांसाठी उभारला. तिथे प्रत्येक घराला मीटर लावला आणि कारभार गावाच्याच न्यासाकडे दिला. पट्ट्यांपेक्षा ही व्यवस्था आम्हाला महत्त्वाची वाटते. बिहारमधल्या धरनईचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. तिथे २०१४ साली १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प गाजावाजा करून सुरू झाला. लवकरच सरकारी तारा आल्या, त्यांची वीज स्वस्त होती, आणि काही वर्षांत प्रकल्प बंद पडला.

मग जव्हारसारख्या गावाने काय करावे? जव्हारला शंभर वर्षांहून जुनी नगरपरिषद आहे, आणि तारा आहेतच. तिथे ‘स्वदेस’चा मार्ग लागू पडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००२ साली एक कायदा केला. त्यानुसार गावे एकत्र येऊन स्वच्छ वीज घाऊक विकत घेतात, तारा आणि खांब मात्र जुन्या कंपनीचेच राहतात. मरीन परगण्यात हे २०१० साली सुरू झाले आणि नंतर अनेक लहान गावे अशा मंडळांत सामील झाली. आपल्याकडच्या २००३ च्या विद्युत कायद्यातही पाचव्या कलमात ग्रामीण भागासाठी पंचायती, वापरकर्त्यांचे संघ आणि सहकारी संस्था यांच्यामार्फत घाऊक वीजखरेदी व स्थानिक वितरण करण्याची कल्पना आहे. पण नुसते ‘लोकांचे’ म्हटल्याने भागत नाही. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके वितरण केले, थकबाकीत बुडाली, आणि ३१ जानेवारी २०११ ला तिचा परवाना संपला. सहकारात मुरलेल्या जिल्ह्यातली ही गत. वीज ज्यांनी वापरली त्यांनी बिल भरले का, हा प्रश्न ‘स्वदेस’च्या तीन तासांत एकदाही येत नाही.

एवढे असूनही शिक्षकांनी हा चित्रपट जरूर दाखवावा. मोकळ्या मैदानातल्या सिनेमाचा पडदा मध्ये ठेवून एका बाजूला सवर्ण आणि दुसऱ्या बाजूला दलित बसतात, आणि वीज गेल्यावर मोहन तो पडदा उतरवून सगळ्यांना एकच आकाश दाखवतो, तो प्रसंग शाळेत दाखवण्यासारखा आहे, खगोलशास्त्रासाठीही. स्टेशनवर पंचवीस पैशांना पाणी विकणारा मुलगाही विसरता येत नाही. चित्रपट तीन तासांहून मोठा असल्याने एका दिवसात बसत नाही. पहिल्या दिवशी मध्यंतरापर्यंत दाखवावा, दुसऱ्या दिवशी मुलांना ओहोळावर न्यावे आणि मगच उरलेला भाग दाखवावा. सामान म्हणून मीटरपट्टी, घड्याळ, दहा मीटर पारदर्शक नळी आणि सुकी पाने पुरतात. मोजणी दर महिन्याला एकाच जागी करावी. आमच्या त्या शाळेच्या वहीत जानेवारीत तीन लीटर आहेत, फेब्रुवारीत दीड, आणि मार्चच्या रकान्यात मुलांनी लिहिले आहे, “पान हलले नाही.”