कलास्पर्धेतील निर्णय आणि नाकारलेला कलावंत

कलास्पर्धेचा निर्णय कलाकृतीइतकाच परीक्षकाच्या अभिरुचीचाही निदर्शक असतो. १९३५ मध्ये सिमल्याच्या कलासंस्थेने अमृता शेरगिल यांच्या १० पैकी ५ चित्रे नाकारली व एकास पारितोषिक दिले. त्यांनी ते परत केले. त्याच वर्षी रंगविलेल्या त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्रास १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. मात्र पुढे याच सोसायटीने के. एच. आरा यांचे चित्र नाकारले. १९४७ मधील प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेमागे हा प्रसंगही सांगितला जातो.

शेरगिल यांच्यापाशी पॅरिसच्या कलाशिक्षणाचे बळ होते, आरांपाशी सोझा, रझा यांच्यासारखे सहकारी होते. मुक्ताईनगर परिसरातून विद्यापीठाच्या युवक महोत्सवात प्रथमच चित्र घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यापाशी यांपैकी काहीच नसते. कारण न कळलेला नकार त्याला स्वतःच्या अपात्रतेचा निवाडा वाटतो व कुंचला कायमचा खाली ठेवला जातो. परीक्षणातील व्यक्तिनिष्ठता टाळता येणार नाही. परंतु ती लपविण्याचेही कारण नाही. परीक्षक म्हणून बसणाऱ्या आपण प्राध्यापकांनी गुणांसोबत निर्णयाची कारणे दोन ओळींत लिहून द्यावीत. त्या कारणांशी विद्यार्थ्याला वाद घालता येतो. नुसत्या आकड्याशी नाही.